अण्णांचा दुसरा नमुना

दशरथअण्णा माझ्याकडे पहिल्यांदा आले ते भांडतच. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी सुईचं पाकीट उजेडात धरून तारीख वाचली, मग मला हात धुवायला लावले. कोल्हारला माझं रक्ततपासणीचं छोटं केंद्र आहे. नमुने मी घेते आणि नगरच्या लॅबला पाठवते. अण्णा मला तेव्हा आवडले नाहीत, आजही आवडत नाहीत.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर उसाचा रस तपासला होता. समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून ते म्हणत, "मोजलं का? न्हाई? मंग बोलू नको." बायकोला, यमुनाकाकूंना, चारचौघांत मूर्ख म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ ऐन चाळिशीत छातीत कळ येऊन शेतातच गेला, म्हणून डॉक्टरांनी अण्णांना हृदयासाठीच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यात होमोसिस्टिन होतं. रक्तात हे वाढलेलं असलं तर हृदयविकाराचा धोका जास्त असू शकतो, एवढंच मी सांगितलं. "तू डॉक्टर हाय का?" त्यांनी विचारलं.

आकडा सामान्य मर्यादेच्या दुपटीहून जास्त आला. दुसऱ्या दिवशी पेशंट बसलेले असताना अण्णांनी रिपोर्ट टेबलावर आपटला आणि नळी किती वाजता फिरवली ते विचारलं. या तपासणीचं रक्त लगेच बर्फात ठेवावं लागतं आणि तासाभरात यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर पेशींतून होमोसिस्टिन झिरपत राहतं आणि आकडा फुगतो. मला हे ठाऊक होतं. पण त्या दिवशी गर्दी होती आणि नळी दुपारपर्यंत टेबलावरच राहिली होती.

"रससुदिक उघडा ठिवला तर आंबतो. हे तर मानसाचं रगत हाय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "लाज न्हाई तुला."

दुसरा नमुना त्यांनी माझ्या डोक्यावर उभं राहून बर्फात ठेवून घेतला, वेळेत फिरवून घेतला. आकडा ठीक आला. तो कागद खिशात घालून ते गावभर दाखवत फिरले. डॉक्टरांनी बजावलं, की हा एकच आकडा झाला; रक्तदाब वाढलेला आहे, तंबाखू सुटलेली नाही, भावाचं असं झालेलं. गोळ्या सुरू करा. अण्णांनी केल्या नाहीत. बाजारात भेटले तेव्हा राग गिळून मीही सांगून पाहिलं.

"तुझ्या नासक्या नळीवर मी गोळ्या खाऊ व्हय?" म्हणाले आणि निघून गेले.

चार महिन्यांनी सकाळी अंगणात तोंड धुताना ते कोसळले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मी भेटायला गेले तेव्हा यमुनाकाकू रडत नव्हत्या. त्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, की अण्णांनी तो पहिला कागद खरा मानला असता तर? मी म्हणाले, "काकू, तो कागद खोटा होता. चूक माझीच होती."



"खोटा का व्हईना," त्या म्हणाल्या, "भ्याले तर असते."