सव्वापाचची किटली

पाळणाघर काढायचं ठरलं तेव्हा अजून एकही मूल आलेलं नव्हतं, खेळणी आलेली नव्हती, पण वेळापत्रक तयार होतं. वाईला माहेरी असताना मी बालशिक्षणाचा वर्षभराचा कोर्स केला होता. त्यातलं डोक्यात पक्कं बसलेलं एवढंच, की लहान मुलाच्या दिवसाला आकार हवा. म्हणून आष्ट्याच्या सासरघरी पुढच्या खोलीत बसून मी दोन दिवस कार्डशीटवर तो आकार काढत होते. चार रंगांची स्केचपेनं संपवली. नऊ ते नऊ दहा स्वागत. नऊ दहा ते नऊ पस्तीस मुक्त खेळ. सव्वाअकराला शू-शी. एक ते साडेतीन झोप. चारला घरी परतणे.

माझे सासरे सुभेदार होऊन निवृत्त झालेले. नवरा त्यांच्याच वाटेने फौजेत, वर्षातून दोनदा घरी येणारा. त्यामुळे माझ्या प्रत्येक नव्या खुळाचे पहिले परीक्षक सासरेच. त्यांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"शू सव्वाअकराला? आन् साडेधाला आली तर?"

"सवय लागेल, मामा."

"अठ्ठावीस वर्सं पलटणीत काढली पोरी. जवानास्नी बी न्हाई लागली."

तरी तक्ता भिंतीवर त्यांनीच ठोकला, मागे सरकून तिरका नाही ना हे दोनदा बघून.

पहिल्या महिन्यात पाच मुलं आली. पालक तक्त्यावर फार खूश होते. एका वडिलांनी तर त्याचा फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. मुलांनी मात्र पहिल्याच दिवशी त्याचा फज्जा उडवला. मुक्त खेळाच्या वेळी त्यांना जेवायचं असायचं, गाण्याच्या वेळी मुक्त खेळायचं असायचं, आणि शू-शीबद्दल सासऱ्यांचा अंदाज बरोबर निघाला. मी हट्टाने रोज तक्त्यासमोर उभी राहून पुढचा कार्यक्रम मोठ्याने जाहीर करायचे. रिकाम्या स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तसं ते होत असावं.

तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून प्रश्न विचारणारी आई एकच. ती सांगलीला एका खासगी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. अडीच वर्षांची मुलगी कडेवर घेऊन ती म्हणाली, "मॅडम, माझी एसटी साडेपाचला येते. चारच्या पुढं काय लिवलेलंच न्हाई."

मी लगेच निळ्या पेनने लिहिलं, 'चार ते साडेपाच: वैयक्तिक लक्ष.'

तिने ते वाचलं, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. मग तिने खरं काय ते सांगितलं. आधी मुलीला कुंडलला आजीकडे ठेवलं होतं. तिथे तिने महिनाभर धड खाल्लं नाही, दिवसभर दाराकडे बघत बसायची. "हितं बी न्हाई रमली तर मी नोकरी सोडनार. लय मुश्किलीनं मिळालीय, पर सोडनार."

'रमेल हो' असं मी मोठ्या तज्ज्ञपणाने म्हणाले.

आणि ती रमली. त्यात माझं श्रेय काहीच नाही. चारला बाकीची मुलं गेली की ती, मी आणि फाटक एवढंच उरायचं. आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, एक म्हैस पाळून होत्या. रोज सव्वापाचला त्या धार काढून दुधाची किटली घेऊन आमच्या दारावरून डेअरीला जायच्या. त्यानंतर पंधरा मिनिटांनी एसटी यायची आणि एसटीतून आई. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मुलीने हे हेरलं. किटली दिसली की ती स्वतःचे बूट शोधायची, उलटसुलट घालायची, दप्तर अडकवून फाटकाशी उभी राहायची. सकाळी आई निघाली की रडायचं सोडून मला विचारायची, "आजीची कितली कवा येनार?" तेवढं एक उत्तर मिळालं की दिवसभर खुशाल. खायची, झोपायची, दुसऱ्यांचे खेळ हिसकायची. अख्ख्या तक्त्यात नसलेली ही एकच गोष्ट घड्याळासारखी चालायची. मला त्याचा थोडा रागच यायचा, हे आता कबूल करते.

मग तो दिवस आला. दोन जुळी मुलं ठेवायला एक बाई तीन वाजता पाळणाघर बघायला येणार होत्या. मी मुद्दाम झोपेची वेळ दिली होती. पाच मुलं ओळीने शांत झोपलेली त्यांनी बघावीत, बाजूला तक्ता बघावा, असा माझा बेत. अडीचला ही मुलगी कशाने तरी दचकून उठली आणि "आई" म्हणून तिने जे भोकाड पसरलं, त्याने बाकीची चारही उठली. दहा मिनिटांत पाच तोंडं रडत होती. मी गाणं म्हटलं, फुगे फुगवले, बिस्किटं वाटली. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा मला ती हुशारी सुचली. मी कुंपणापाशी धावले. "आजी, जरा किटली घेऊन दारावरून जाता का?"

"आत्ता? आगं, म्हशीला तरी कळू दे."

"रिकामीच घ्या. फक्त दिसली पाहिजे."

"मला न्हाई बाई ह्ये बरं दिसत," असं पुटपुटत आजी रिकामी किटली घेऊन दारावरून गेल्या. माझ्या आवाजात तेवढी अजिजी होती.

मुलीने किटली बघितली. रडणं जागच्या जागी थांबलं. बूट घातले, दप्तर घेतलं, फाटकाशी जाऊन उभी राहिली. बाकीचीही तिच्याकडे बघत गप्प झाली. माझा जीव भांड्यात पडला. तीनला त्या बाई आल्या, तक्ता बघितला, फाटकाशी हात बांधून उभी असलेली ती चिमुरडी बघितली आणि म्हणाल्या, "किती शिस्त आहे हो तुमच्याकडे!"

जुळ्यांचा प्रवेश तिथल्या तिथे झाला.

ती मुलगी मात्र फाटकाशीच राहिली. साडेतीन झाले, चार झाले. मी उचलायला गेले तर गज धरून ठेवले. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. सव्वापाचला आजी खरी, भरलेली किटली घेऊन गेल्या, तेव्हा तिने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. आई आली तेव्हाही ती धावली नाही. आईने उचललं आणि ती उचलली गेली, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाठीवरचं दप्तर उतरवायचं सोडलं आणि जेवायचंही. किटलीबद्दल विचारणं बंद. आईने काळजीने विचारलं, तर मी "दाढा येत असतील" म्हणून सांगितलं. तीन दिवस मी दाढांवर निभावलं. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "सोमवारी राजीनामा देते. माझ्या नशिबातच न्हाई ती नोकरी."

सासरे खुर्चीवर पेपर वाचत होते. ती गेल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांना सगळं ठाऊक होतं, फाटक त्यांच्या खुर्चीसमोरच होतं.

"खोटा अलारम दिलास तू. एकदा दिला की फुडच्या येळी मानूस उठत न्हाई."

"मग आता काय करू?"

"पयलं तिच्या आईला खरं सांग. आन् मग रोज, टायमाला. बोलायचं काय बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या आईला फाटकाशीच सगळं सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ मुलीचा हात कुरवाळत राहिली. मग म्हणाली, "आजून पंधरा दिवस बघते."

आजींना मी काही सांगायला गेले नाही, तोंडच नव्हतं. त्या आपल्या सव्वापाचला जात होत्या. सासरे मनगटावरच्या घड्याळात बघून मान हलवायचे. आठवडाभर मुलगी भिंतीकडे बघत बसली. आठव्या दिवशी तिने किटलीकडे नुसतं बघितलं. दहाव्या दिवशी बूट जवळ ओढले, पण घातले नाहीत. बाराव्या दिवशी एक घातला. तेराव्या दिवशी दोन्ही घातले, उलटे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, "कितली कवा?" मी मोरीत जाऊन रडून आले. आईने राजीनाम्याचं पुन्हा नाव काढलं नाही.

पुढे काही दिवसांनी पाहुणे आले आणि घरात दूध कमी पडलं. भांडं घेऊन मी शेजारी गेले.

"दूध कुटलं आनू?" आजी म्हणाल्या. "म्हस आटली की. गाभन हाय. महिना झाला."

मी हिशेब केला. त्या भरदुपारच्या खोट्या फेरीनंतर दोन-तीन दिवसांतच म्हैस आटली होती.

"मग रोज किटली घेऊन कुठं जाता?"

"डेअरीच्या कोपऱ्यावर बसते घटकाभर आन् येते माघारी." मग माझ्याकडे न बघता गोठा झाडत म्हणाल्या, "पोरगीला ठावं हाय व्हय, म्हस आटलीय ते?"

त्या संध्याकाळी मी मुलीबरोबर फाटकाशी उभी राहिले. सव्वापाचला आजी आल्या. रिकामी किटली उजव्या हातात, झाकण लावलेलं, आणि भार असल्यासारखा उजवा खांदा खाली झुकलेला. मुलीने बूट घातले. पंधरा मिनिटांनी एसटीतून तिची आई उतरली.