तडकलेल्या शेंगा

वर्षाराणी मॅडम अकरा वर्षांपासून मंगरूळपीरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी साहित्य शिकवतात. त्यांची पद्धत एकच. कविता दोनदा वाचायची, पुस्तक मिटायचं आणि गप्प बसायचं. वर्गातून कुणी बोलेपर्यंत अर्थ सांगायचा नाही. नव्या पोरांना वाटतं, मॅडम पुढचं विसरल्या.

यंदा तक्रार गेली, मॅडम काहीच लिहून देत नाहीत. म्हणून आज प्राचार्य मदनसिंग राठोड शेवटच्या बाकावर येऊन बसले. तास पटला नाही तर पहिलं वर्ष दुसऱ्याकडे जाईल, हे त्यांनी सकाळीच बजावलं होतं. वरचे वर्ग मॅडमकडे राहिले असते. पण कविता पहिल्यांदाच अंगावर घेणारी ही पोरं त्यांना कुणाला द्यायची नव्हती.

कविता छोटी होती. मुलगा पुण्याहून यायचाय. सोयाबीनच्या शेंगा उन्हात तडकतायत आणि आई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून तो आवाज ऐकतेय.

मॅडमनी पुस्तक मिटलं.

शिवमनं बाकाखाली गाईड उघडलं. "तडकणाऱ्या शेंगा हे आईच्या आनंदाचे प्रतीक आहे," त्यानं वाचून टाकलं.

मागे सरांची मान डोलली. गाईड त्यांनीच लिहिलेलं. मॅडमनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. त्या गप्पच राहिल्या.

"आनंद कायचा?" यूसरा बोलली. हजेरीपलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "शेंगा झाडावर तडकल्या म्हंजे दाने मातीत चालले. सोंगनीले, कापाले उशीर झाला. तो आवाज आला का आमच्या अब्बूले घास गिळवत नाही."

"मंग ते माय उठून सोंगत काहून नाही?" शिवमनं विचारलं.

"पोरगा आल्यावर सोंगू म्हनून बसली ना, येड्या! पीक चाललं, तरी वाट पाहून राह्यली. ज्यानं हे गाईड लिहिलं, त्यानं इळा धरला नसन कधी."

वर्ग हसला. शिवमनं घाईनं गाईडवरचं नाव तळहातानं झाकलं.

मदनसिंग सर उठले. "धरला व्हता पोरी, तांड्यावर. लिहाले बसलो तवा इसरलो." दारापाशी ते मॅडमकडे वळले. "वर्ग तुमच्याकडंच राहू द्या. उद्या हीच कविता पुन्हा वाचा. मी येतो."

"मॅडम, मंग उत्तर काय लिहू?" शिवम कासावीस झाला.

"तो मुलगा येईल का रे?" मॅडमनी विचारलं, आणि पुन्हा गप्प बसल्या.

या वेळी फार थांबावं लागलं नाही.