कागदाकडे न बघता

माझी ताई बावीस वर्षं तीन नंबरच्या खिडकीमागे बसली. संस्था हाताची कामं शिकवणारी: सुतारकाम, वेल्डिंग, शिवण, वायरिंग, असे नऊ विषय. अर्जावर आपली पसंती लिहायची, तो ताईच्या खिडकीत द्यायचा आणि तिने शिक्का मारला की तुमचं आयुष्य त्या वाटेला लागलं.

शिक्क्याआधी ताईची एक परीक्षा असायची. नियमात ती कुठेच नव्हती. अर्ज समोर ठेवून ती म्हणायची, "पहिली पसंती सांग. कागदाकडे न बघता." नजर खाली गेली की अर्ज परत. "जा, पाणी पिऊन ये." पाण्याची टाकी व्हरांड्याच्या पार टोकाला. जाऊन यायला चार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात माणसाला आपलं मन कळतं, असं तिचं ठाम मत. सख्ख्या भावालाही तिने सोडलं नाही. मला दोनदा टाकीवर धाडलं. तिसऱ्यांदा मी पास झालो, वायरिंग शिकलो आणि त्याच संस्थेत दिव्या-पंख्यांच्या कामाला लागलो.

तिची स्वतःची नोकरी मात्र भलतीच लागली. तेविसाव्या वर्षी ती याच खिडकीत अर्ज द्यायला आली होती. आतला कारकून आजारी, रांगेत नुसती ढकलाढकली. ताईचा आवाज मुळातच खणखणीत. तिने रांग सरळ केली, अर्ज गोळा केले, कुणाचं काय राहिलंय ते सांगितलं. साहेबांनी ते पाहिलं आणि विचारलं, "उद्यापासून येशील?" तिचा अर्ज पिशवीतच राहिला. त्यावर तिने काय लिहिलं होतं ते तिला आठवत नाही. खरंच आठवत नाही, मी खोदून खोदून विचारलंय.

यंदा अर्ज संगणकावर गेले आणि खिडकी बंद झाली. ताईच्या हातात एक कागद पडला. एक तर जुन्या कागदपत्रांची खोली, नाहीतर सुतारकामाच्या वर्गात मदतनीस शिक्षिका. दुसऱ्यासाठी आधी वर्षभर अठरा वर्षांच्या पोरांबरोबर रंधा मारायला शिकायचं. शुक्रवारी पाचपर्यंत कळवा, एकदा ठरलं की निवृत्तीपर्यंत बदल नाही.

झालं, ताईचं तळ्यात-मळ्यात सुरू. भाऊजी म्हणाले, "कागदांच्या खोलीत खुर्ची आहे, पंखा आहे, डोक्याला ताप नाही." आई म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर." म्हणजे तिने हात झटकले. मग ताईने माझं डोकं खायला घेतलं.

"मी रोज डबा खायला सुतारांच्या दारात बसते. लाकडाचा वास आवडतो म्हणून बसते, की तिथे वारं येतं म्हणून?"

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही रे. बावीस वर्षं बसतेय, तरी."

सोमवारी सुतारकाम, मंगळवारी कागद, बुधवारी दोन्ही नको. मला रागच आला. लोकांना चार मिनिटांत मन कळायला हवं आणि हिला आठवडा पुरेना!

शुक्रवारी साडेचार वाजता मी तीन नंबरचा दिवा आणि घंटी काढायला गेलो. मी आत, ताईच्या खुर्चीवर. ताई कागद घेऊन बाहेर उभी. मला चेष्टा सुचली.

"पहिली पसंती सांगा, बाई. कागदाकडे न बघता."

ती हसली. बोलायला तोंड उघडलं आणि नजर सरळ खाली गेली. दोघांनाही ते कळलं.

"जा, पाणी पिऊन ये," मी म्हणालो. आता त्यात चेष्टा नव्हती.

ती टाकीकडे गेली. परत आली तेव्हा डोळे भरले होते. "मी किती जणांना परत पाठवलं रे! त्यांना खरंच माहीत नव्हतं, की ते नुसते घाबरले होते?"

मला राहवलं नाही. "ताई, मी तिसऱ्यांदा टाकीपासून घोकत आलो होतो. वायरिंग, वायरिंग, वायरिंग. तू परत पाठवू नयेस म्हणून."

"आणि मला वाटलं, तुला कळलं." ती भडकली. "इतकी वर्षं फसवलंस मला? आवडतं तरी का तुला हे काम?"

"पंखा फिरायला लागला की बरं वाटतं. त्याला आवड म्हणतात का, ते तू सांग."

ती पुन्हा कागदाकडे बघायला लागली. मला तिची दया आली आणि माझीही. मी खिडकीतून पेन पुढे केलं. तिने ते घेतलंच नाही, कोराच कागद घेऊन ती साहेबांच्या खोलीकडे निघाली. पाचला दहा मिनिटं कमी होती. मी हातातला दिवा तसाच ठेवून मागे धावलो.

साहेब कागद पाहून वैतागले. "यावर काहीच नाही. बोला, काय लिहू?"

ताईने डोळे घट्ट मिटून घेतले.

"सुतारकाम!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की व्हरांड्यातली माणसं आत डोकावली. साहेबांनी लिहिलं, शिक्का मारला. "झालं, बाई."

ताईचे डोळे मिटलेलेच. चाचपडत तिने माझा हात धरला. "बरोबर बोलले ना रे मी?"

मला माहीत नव्हतं. मी हो म्हणालो.