सोडवायचे आणि सोडायचे

माझी ताई औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे. तिथला नियम असा, की तक्त्यातला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. पंधरा वर्षांत तिने तो सोडला नाही, आणि ही खोड घरीही आणली. भावोजी नऊ वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार थाटून बसले, तरी कुठलाही फॉर्म आला की ही ‘पतीचे नाव’ सुवाच्य अक्षरात भरणार. माझं डोकं फिरायचं. ती शांतपणे म्हणायची, “रकाना आहे ना?”

चाळिशीला टेकल्यावर तिने एमबीएची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं. वरच्या जागेसाठी साहेबांना ती पदवी हवी होती. दोनदा त्यांनी बाहेरची माणसं आणून हिच्या डोक्यावर बसवली, आणि त्यांना काम शिकवलं हिनेच.

दोन वर्षं ती आपटली. गणित पक्कं, इंग्रजी बरं. पण चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि ही बाई शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे प्रश्न अंदाजपंचे भरून मोकळी व्हायची. कमावलेलं सगळं तिथे घालवायची. तिसऱ्या वर्षी साहेब म्हणाले, “यंदा प्रवेश मिळाला तर जागा तुमच्यासाठी ठेवतो. नाहीतर नाही.”

मी स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून तिच्याकडून सराव करून घ्यायला बसले. पुन्हा तेच.

“ताई, येत नाही तो सोड ना.”

“सोडवतेच आहे.”

“सोडव नाही, सोड. शेवटचा ‘व’ काढ.”

ती हसली नाही. पेन खाली ठेवून म्हणाली, “सोडणं जमत नाही गं मला.”

मला भरून आलं, म्हणून मी जरा जोरातच बोलले, “कारखान्यात पगार कशाचा घेतेस? खराब माल बाजूला काढायचाच ना?”

तिने पेन उचललं. मग खराब खोक्यावर करते तशी बारीक फुली तिने प्रश्नापुढे केली आणि पान उलटलं.

परीक्षेत तिने एकोणीस प्रश्न सोडले आणि पास झाली. रडले मी, ती कामावर गेली.

प्रवेशाचा फॉर्म भरायला मीही सोबत गेले होते. खिडकीतल्या कारकुनाने तो वरून खाली तपासला आणि एका जागी बोट ठेवलं.

“मॅडम, पतीचं नाव राहिलंय.”

“राहिलं नाही,” ताई म्हणाली. “सोडलंय.”