पाणी पाहणारे नाना

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात पाणी पाहणारे एक नाना होते. विहीर किंवा बोअर घ्यायची झाली की लोक आधी त्यांना बोलवायचे. चपला बांधावर काढून, कडुनिंबाचं बेचकं दोन्ही मुठींत धरून ते शेतभर फिरायचे. मध्येच काही विचारलं तर "पाहू भो" एवढंच म्हणायचे.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला, तेव्हा माझ्या मोठ्या भावाने त्यांना आमच्या शेतावर आणलं. गावाच्या विहिरीला लागून असलेल्या कोपऱ्यात बेचकं असं वळलं की नानांची मनगटं थरथरली. मी शेजारीच होतो. त्यांनी बेचकं टाकून दिलं आणि लांब उभ्या असलेल्या भावाला सांगितलं, "आठे पानी नही शे, भाऊ."

परतताना मी म्हणालो, "नाना, बेचकं तर वळलं होतं."

ते थांबले. "पानी शे. पन ते गावनं शे." आणि आम्ही दिलेला नारळ माझ्या हातात ठेवून निघून गेले.

मी भावाला काही बोललो नाही. त्याने दुसरा माणूस आणला. त्याच कोपऱ्यात बोअरला पाणी लागलं, आमची केळी तगली आणि चैत्रात गावाची विहीर आटली.

मग सारं गाव हंडे घेऊन आमच्या बोअरवर येऊ लागलं. नाना रांगेत शेवटी उभे राहायचे. एकदा मी त्यांचा हंडा पुढे घ्यायला गेलो.

"राहू दे भो," रांगेतल्या सगळ्यांकडे हात करत ते म्हणाले. "आधी बठ्ठासनं भरू दे."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.