विरोधाला अनुमोदन

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराला मी तिथल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, त्यांचा रंग नवा, नळ मात्र जुनेच आणि कोरडे. पावसानं पाठ फिरवलेली होती. बाहेर बायका टँकरमागं धावतायत आणि आत मी फळ्यावर सोव्हिएत रशियाची राज्यव्यवस्था काढतेय, असे ते दिवस होते.

मी फळ्यावर दोन शिड्या काढायचे. एक सरकारची. खाली गावची सोव्हिएत, म्हणजे तिथली पंचायतच, मग जिल्ह्याची, वर सर्वोच्च सोव्हिएत आणि मंत्रिमंडळ. शेजारी दुसरी शिडी पक्षाची. खाली शाखा, वर जिल्हा समिती, त्यावर मध्यवर्ती समिती आणि सगळ्यांच्या डोक्यावर पॉलिट ब्यूरोची मूठभर माणसं. सरकारी शिडीच्या प्रत्येक पायरीवर जो साहेब, त्याच्या कानाशी पक्षाचा एक माणूस. सही साहेबाची, शब्द पक्षाचा. निर्णय मूठभरांच्या खोलीत व्हायचा आणि मग शेकडो प्रतिनिधी भल्या मोठ्या सभागृहात जमून एकदम हात वर करायचे. निर्णय होईपर्यंत चर्चा करा, झाल्यावर तोंड उघडू नका, या शिस्तीलाही लोकशाही असंच नाव होतं. पोरं भराभर उतरवून घ्यायची. एकानं विचारलं, "मॅडम, आमच्याकडं गावचे कारभारी मठाच्या कट्ट्यावर बसत्यात तेच ना हे?" वर्ग हसला. मीही हसले.

माझं सासर कंधारच्या बाजूला, जिल्हा संपतो तिथलं. सुट्टीत गेले की थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, भाकरी थापता थापता मला बोलतं करायच्या. "काय शिकवायलीस गं पोरांना, मास्तरीन?" मी सांगायचे. तिथं एका जागेला उमेदवार एकच, हे ऐकून त्यांचा हात थांबला.

"मग मत कशाला मागत्यात?"

"हो म्हणवून घ्यायला. नको असेल तर पडद्याआड जायचं आणि नाव खोडायचं. ज्यांना मंजूर आहे त्यांनी पडद्याकडं न जाता चिठ्ठी सरळ पेटीत टाकायची."

"म्हंजी पडद्याआड गेलेली बाई समद्यांना दिसनार."

"दिसणारच."

"लई हुशार लोकं हायत," अक्का म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

त्याच उन्हाळ्यात आमच्या पंचायतीची निवडणूक लागली. गावात टँकर यायचा तो वरच्या गल्लीतल्या विहिरीत रिकामा व्हायचा. ती विहीर अप्पांच्या दारात. अप्पा म्हणजे माझे चुलत सासरे, गावाचे कारभारी म्हणा, मालक म्हणा. अक्काचं घर खालच्या गल्लीत. तिथल्या बायका घागर डोक्यावर घेऊन चढ चढायच्या, आणि अक्काची लेक तर पोटुशी होती, तीही चढायची. खालच्या गल्लीतही एक विहीर होती, पडीक नव्हती, नुसती कोरडी होती. टँकर एक दिवस वर, एक दिवस खाली ओतावा, एवढंच अक्काचं म्हणणं. ते पंचायतीत म्हणायला मिळावं म्हणून त्यांनी अर्ज भरला.

दुसऱ्याच दिवशी मठात बैठक बसली. त्याआधी अप्पांच्या ओसरीवर चार जण चहा पिऊन गेले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी बैठकीत प्रत्येकाला बोलू दिलं. बोलणारा प्रत्येक जण फिरून फिरून एकाच शब्दावर येत होता: बिनविरोध. आपल्या गावाची निवडणूक बिनविरोध झाली पाहिजे, तालुक्याला आपलं नाव झालं पाहिजे, दुष्काळात गावात फूट नको. आमच्याकडं हा शब्द प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतात. विरोध नव्हता म्हणून निवड बिनविरोध झाली की विरोधाला उभंच राहू दिलं नाही, हे कुणी विचारत नाही. रशियात निदान पडदा तरी टांगायचे. आम्ही तोही खर्च वाचवला.

मी बायकांमधून उठले. म्हटलं, निवडणूक होऊ द्या, लोक सांगतील त्यांना काय हवंय. अप्पा मायेनं हसले. "सूनबाई, पुस्तक कॉलेजात ठेवून येत जावा." सगळी बैठक हसली. तो हशा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

अप्पांनी अक्काला विचारलं, "थोरल्या सूनबाई, तुमचं मत काय?"

"माझं मत हायच की, म्हनून तर अर्ज भरला."

"ते झालं. आता गावाचं मत बघून सांगा."

उत्तर दिलं अक्काच्या नवऱ्यानं, मान खाली घालून. "घेती ती माघार." जीपमध्ये बसवून त्यांना तालुक्याला नेलं, सही झाली, परत येताना गावाच्या वेशीवर फटाके वाजले. अक्काच्या हातात नारळ दिला आणि त्यांच्या मनाच्या मोठेपणावर भाषण झालं. मला तो नारळ तिथल्या तिथं आपटावासा वाटत होता.

मग ग्रामसभा भरली. पहिला ठराव टँकरचा: पाणी वरच्याच विहिरीत, कारण ती खोल आणि बांधीव. सूचक अप्पांचा पुतण्या, अनुमोदक अप्पांचा भाचा. हात वर झाले. खालच्या गल्लीचेही झाले. ग्रामसेवक लिहायला वाकला आणि अक्का डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिल्या.

"माझा विरोध हाय. लिवा."

ग्रामसेवकानं अप्पांकडं बघितलं. अप्पा चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत, तीच त्यांची ताकद. शांतपणे म्हणाले, "लिवू की. पन ठरावाला अनुमोदन लागतं, तसं विरोधालाबी लागतं. कोन देतंय अनुमोदन?"

असा नियम नव्हता. मी राज्यशास्त्राची बाई, मला माहीत होतं. उठून सांगितलंही. "बरं, नियम नसंल," अप्पा म्हणाले, "आपली रीत हाय. द्या ना कुनीतरी." मग मीच म्हणाले, मी देते. "तुमचं मत लातूरला, सूनबाई. हितं न्हाई."

सगळे खालच्या गल्लीकडं बघत होते. त्या चढावर रोज ज्यांच्या बायकांची मान मोडत होती ती माणसं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसली. अक्काच्या नवऱ्यानं बिडी पेटवली. ग्रामसेवकानं खाली लिहिलं, सर्वानुमते मंजूर, आणि अप्पांनी चहा सांगितला. तेव्हा मला जी चीड आली ती अप्पांची नव्हती. अप्पा त्यांचं काम चोख करत होते.

दुसऱ्या दिवशी टँकर वर रिकामा झाला. लेकीला घरी बसवून अक्का स्वतः घागर घेऊन निघाल्या, सोबत मी. रांगेत खालच्या गल्लीच्या बायका होत्या. त्यांनी अक्काला पुढं सरकायला जागा केली. अक्का शेवटीच उभ्या राहिल्या. तेव्हा एक म्हातारी मागं वळली आणि त्यांचा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "अक्का, राग धरू नगंस. मनातून आमी समदी तुझ्याच बाजूनं हाव."

अक्कानं हात सोडवून घेतला.

"मग पानीबी मनातच प्या," त्या म्हणाल्या.