मल्लूचं शिंग

“खड्डा उथळ पडलाय, मी तवाच म्हणलो हुतो!” रुद्रभूमीत उभा राहून शिवप्पा ओरडत होता. आमच्या मल्लूचा हा अक्कलकोटकडचा धाकटा भाऊ. आवाज असा, की शेजारच्या समाधीतले उठून उभे राहावेत; बसलेले तर ते असतातच, आम्हा लिंगायतांत बसवूनच पुरतात. मल्लू लिंगैक्य होऊन महिनाही झाला नव्हता आणि त्याच्या मातीवर मेलेल्या जनावराचा वास सुटला होता. माश्या घोंगावत होत्या. उकरून पुन्हा खोल पुरायचं, असं शिवप्पानं ठरवूनच टाकलेलं. मल्लूची बायको, पार्वतीवहिनी, पदर तोंडाशी धरून उभ्या. वास अडवत होत्या की रडू, कळेना.

मला मात्र तो वास ओळखीचा होता...

माझा हा दोस्त मल्लू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. शुक्रवार पेठेतल्या घराच्या परसात सुताराकडचा भुसा नि पालापाचोळा कुजवून खत करायचा. एका पावसाळ्यात तिथून असा वास सुटला, की अख्खी गल्ली मेलेली घूस शोधत हिंडली. हा ढिगासमोर स्टूल टाकून बसलेला. पांढरं अंडं फुटावं तसं काहीतरी फुटलं होतं आणि त्यातून बघता बघता नको त्या आकाराचं एक भूछत्र उभं राहत होतं. डोक्यावर शेवाळी चिकटा, खाली जाळीचा परकर. बायका लाजून आत पळाल्या. मल्लू त्याला शिंग म्हणायचा. “फुलाकडं मध असतो, याच्याकडं हा वास,” तो म्हणाला. “माश्या चिकटा खातात नि याचं बी घेऊन जातात. दुपारपर्यंत मान टाकतंय बिचारं.”

ही गोष्ट मी पेठभर सांगितली. सांगता सांगता शिंग गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं. शेवटी त्याला मी धुणं वाळत घालायची दोरीसुद्धा बांधली. मल्लू प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

तेव्हा त्या दिवशी रुद्रभूमीत माझं खरं कोण ऐकणार? समाधीवर बेलाचं रोप लावताना वहिनींनी घरच्याच खताची पाटी ओतली होती, त्यातून शिंग आलंय, असं मी परोपरीनं सांगितलं. मेलेल्या माणसापाशी तरी थापा मारू नका, शिवप्पा म्हणाला. उगवलेलं शिंग केव्हाच लोळून चिखल झालेलं, दाखवू काय? खत चाचपताना एक न फुटलेलं अंडं तेवढं हाती लागलं. हे फुटेस्तोवर खोरं लावायचं नाही, वहिनींनी बजावलं.

ओल्या खतासकट ते ताटलीत घालून घरी आणलं. वहिनी त्याच स्टुलावर बसून राहिल्या. मल्लूचं शेवटचं दुखणं काढलं तशा. एका सकाळी ते फुटलं. तोच वास, त्याच माश्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी बोटभरही न वाढवता एखाद्या गोष्टीकडं बोट दाखवलं.

शिवप्पानं ताटलीवर वाकून बघितलं. मग हळू बोलला, “शिंग खरं हाय. पर त्यानं खड्डा खोल होतो व्हय, वैनी?”

 

वहिनींनी ताटलीवरच्या माश्या हाकलल्या नाहीत.

“माझ्यापुरता झाला,” त्या म्हणाल्या.